कलम एकवीस

भाऊ,

परवा तुमच्या दहाव्याला माइक माझ्या हातात आला आणि मी तो तसाच शेजारच्या माणसाकडे दिला. लोकांना वाटलं, बाईला रडू आवरत नाही. मला रडू येत नव्हतं. माझ्याआधी चौघं बोलून झाले होते. एकानं तुम्हाला देवमाणूस केलं, एकानं सचोटीचा पुतळा. एका पुढाऱ्यानं तुमचं आडनाव चुकवलं आणि तरीही रुमालानं डोळे पुसले. तुम्ही असता तर खाली मान घालून जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसला असता. मला जे सांगायचं होतं ते मांडवात सांगण्यासारखं नव्हतं. कामगार निधीची अध्यक्ष म्हणून मला तिथं चार गोड शब्द बोलायला उभं केलं होतं, आणि गोड शब्द तुमच्यामाझ्यात कधी झालेच नाहीत.

मी तुमचा द्वेष करत होते. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

माझा नवरा दत्ता, पेठजवळ हायवेवर अपघातात गेला. सुट्टीचा दिवस होता, मोटारसायकलवर एकटाच होता, मागून टेम्पो आला. टोमॅटोचा पल्प काढणाऱ्या आपल्या कंपनीत तो डबे भरायच्या मशीनवर होता. कामगारांचा एक निधी आहे एवढं मला त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवरून माहीत होतं, कारण दर महिन्याला त्यासाठी काहीतरी कापलं जायचं. माणूस रिटायर झाला की त्यातून त्याला पेन्शन, मधेच गेला तर बायकापोरांना महिन्याची मदत. हा निधी कंपनीच्या हातात नाही, चार विश्वस्त तो सांभाळतात, दोन कामगारांनी निवडलेले आणि दोन कंपनीनं नेमलेले, हे मला दत्ता गेल्यावर कळलं. अध्यक्ष म्हणजे तुम्ही, बॉयलरवरचे सावळेरामभाऊ, डिंगोऱ्याचे. दत्ताचे मित्र म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. अध्यक्ष आपला मानूस हाय."

आपल्या माणसाचं पत्र दीड महिन्यानं आलं. गेटवरच्या वॉचमननं माझ्या हातात दिलं. दोन ओळी होत्या. ‘सदर कामगाराची सेवा पाच वर्षे पूर्ण होण्यास एकोणीस दिवस कमी पडत असल्याने कुटुंब साहाय्य देय होत नाही. कळावे.’ खाली तुमची सही.

मी ते गेटसमोर उभी राहून तीनदा वाचलं. दुसऱ्या वर्षी सीझन संपल्यावर कंपनीनं दत्ताला महिनाभर घरी बसवलं होतं, सगळ्यांना बसवतात तसं. ते दिवस धरले असते तर पाच वर्षं होऊन वर दहा-अकरा दिवस झाले होते. तुम्ही ते धरले नाहीत. नियमात धरायचे नाहीत असं लिहिलं होतं, म्हणून धरले नाहीत. मी पत्र वाचत होते तेव्हा तुम्ही आत बॉयलरवर होता, गेटपासून हाकेच्या अंतरावर. बाहेर येऊन तोंडानं सांगायला पाच मिनिटं लागली असती. एकोणीस दिवसांपेक्षा मला त्या ‘कळावे’चा राग जास्त आला. काय कळावं मला, भाऊ? माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती.

कंपनीला दया आली आणि मला निवडणीच्या बेल्टवर घेतलं. आठ तास उभं राहून सडके टोमॅटो बाजूला काढायचे. रोज तुम्ही डबा घेऊन बेल्टच्या बाजूनं जायचात. तुम्ही नजर चुकवली असती तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही चुकवायचा नाहीत. सरळ माझ्याकडे बघून मान हलवायचा आणि पुढं जायचा, जसं काही आपल्यात एखादं साधं काम होऊन गेलं होतं.

वर्षाच्या सभेला कँटीनच्या शेडमध्ये सगळे जमले होते. मी उठले आणि पत्र तुमच्या टेबलावर ठेवलं.

"हे मोठ्यानं वाचून दाखवा," मी म्हणाले.

तुम्ही चष्मा लावलात आणि वाचलंत. आवाज हलला नाही. ‘कळावे’ पण वाचलंत.

"तुमच्या घरात असं झालं असतं तर?"

"तर बी हेच पत्र गेलं असतं," तुम्ही म्हणालात आणि घडी घालून ते मला परत दिलंत.

मागून एक बाई बोलली, "मानूस हाय का दगूड." सगळ्यांनी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत आणि पुढचा विषय घेतलात.

त्यानंतर चार-सहा महिन्यांनी तुम्ही बेल्टपाशी येऊन थांबलात. मशीनच्या आवाजात मला आधी कळलंच नाही की माझ्याशी बोलताय.

"सुमनबाई, कामगारांच्या बाजूची एक जागा रिकामी व्हतीय. विश्वस्ताची. तुमी उभ्या ऱ्हावा."

"मी? तुमच्या शेजारी बसू?"

"व्हय."

"कशाला?"

"ग्वाड बोलनारे लई हायेत माझ्याभवती. तोंडावर शिव्या देनारं एक मानूस पायजे."

मी उभी राहिले, ते तुम्हाला शिव्या देता येतील म्हणूनच. निवडूनही आले, कारण बेल्टवरच्या सगळ्या बायकांनी मला मत दिलं. मी आत जाईन आणि त्या दगडाला फोडीन, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

आत गेल्यावर तुम्ही मला वाचायला शिकवलंत. बारावी झाले होते मी, पण ते वाचणं वेगळं. शनिवारी पाळी संपली की ऑफिसच्या मागच्या खोलीत निधीची नियमावली उघडायची, ओळीखाली पट्टी धरायची आणि एकेक वाक्य सोडवायचं. ‘करता येईल’ आणि ‘करण्यात येईल’ यात किती माणसं मरतात हे तुम्ही मला दाखवलंत. मी काही बोलले की तुम्ही विचारायचा, "कुटं लिव्हलंय?" या दोन शब्दांनी तुम्ही मला रडवलंय. पहिल्या वर्षी दोनदा मी त्या खोलीतून उठून गेले होते. पुढच्या शनिवारी पट्टी तिथंच ठेवलेली असायची.

कोल्ड स्टोरेजचा दिवस मी विसरणार नाही. कंपनीच्या बाजूनं हिशेबखात्याचे कुलथेसाहेब विश्वस्त होते. त्यांनी बैठकीत प्रस्ताव आणला की निधीचा काही भाग मालकांच्या नातेवाइकाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गुंतवावा, व्याज जास्त मिळेल. त्या दिवशी टेबलावर काजू होते. आपल्या बैठकीला एरवी बिस्किटं पण नसायची. तुम्ही काजूची बशी हळूच बाजूला सारलीत.

"साहेब, ह्या पैशाचं मालक आज हितं बसलेलं न्हाईत," तुम्ही म्हणालात. "काई मेल्यात. काई अजून म्हातारं व्हायचेत. त्यास्नी इचारतो आन सांगतो."

कुलथेसाहेब हसले. तुम्ही हसला नाहीत. प्रस्ताव तिथंच पडला आणि साहेब तुमच्याशी वर्षभर कामापुरतं बोलले. त्या संध्याकाळी एसटीनं घरी जाताना मला पहिल्यांदा वाटलं की मी एका मोठ्या माणसाच्या शेजारी बसते. आणि हे वाटलं म्हणून मला माझाच संताप आला. दत्ताच्या फोटोचा हार मी त्या दिवशी बदलला नाही.

मग मला कलम एकवीस सापडलं.

तुम्ही मला एक ते वीस शिकवली होतीत आणि मग थेट तेवीसवर गेला होतात. एका दुपारी मी एकटी बसून मधली पानं वाचली. ‘नियमात न बसणाऱ्या परंतु अत्यंत अडचणीच्या प्रकरणी, विशेष बाब म्हणून, चारपैकी तीन विश्वस्तांच्या संमतीने साहाय्य देता येईल. त्यासाठी संबंधिताने लेखी अर्ज करावा.’ मी ते पट्टी न धरता वाचलं.

तुम्ही बॉयलरच्या पायऱ्यांवर डबा खात होता.

"हे कलम तेव्हा होतं?" मी विचारलं.

"पयल्यापासनं हाय."

"मग मला का सांगितलं नाही?"

तुम्ही घास गिळलात. "तू अर्ज केला न्हाईस."

"मला माहीत नव्हतं भाऊ."

"कुनालाच म्हाईत न्हाई. सगळ्यांना सांगितलं आस्तं तर रोज धा अर्ज आलं आस्तं. सगळ्यांचंच दुख्ख इशेष आस्तंय, सुमन. निधी दोन वर्सात रिकामा झाला आस्ता. मंग म्हाताऱ्यांना काय दिलं आस्तं?"

तुम्ही पहिल्यांदा मला अगं-तूगं केलंत तो हा दिवस. मी म्हणाले, जो नियम लोकांपासून लपवून ठेवलाय तो नियम नाही, ती चोरी आहे. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि म्हणालात, "चोर मंग चोर. पन रिकामी तिजोरी घिऊन लोकांफुडं उभा ऱ्हानार न्हाई मी."

आपलं हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. अजूनही मला वाटतं तुम्ही चुकलात. आणि अजूनही, निधीच्या वर्षाच्या ताळेबंदावर सही करताना, मला वाटतं तुम्ही चुकला नसाल.

मी अर्ज केला. उशिरा का होईना, माझ्या प्रकरणाचा. बैठक सुरू झाली, माझा विषय आला आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "भाईर जा."

"मी विश्वस्त आहे."

"म्हनूनच. ज्याचा जीव त्यात गुंतलाय त्यानं आत बसायचं न्हाई. मायेनं गुंतू दे, न्हाईतर रागानं."

मी पाण्याच्या टाकीखाली उभी राहिले. टाकी भरून वाहत होती आणि माझी चप्पल भिजत होती, पण मी जागा सोडली नाही. अर्ध्या तासानं तुम्ही स्वतः बाहेर आलात. तुमच्या आयुष्यात तुम्ही पहिल्यांदा कुणाला तोंडानं नकार सांगितला असेल.

"जुनी परकरनं उगडायची न्हाईत आसं ठरलं," तुम्ही म्हणालात. "माझं मत तुज्या अर्जाच्या इरोधात व्हतं. दुसऱ्याच्या तोंडनं कळाय नगं म्हनून सांगाय आलो."

मी म्हणाले, "देव तुमचं कधी भलं करणार नाही."

"नको करू दे," तुम्ही म्हणालात आणि आत गेलात.

त्यानंतर मी हट्टानं दोन गोष्टी करून घेतल्या. कलम एकवीस मोठ्या अक्षरात, साध्या मराठीत लिहून गेटजवळच्या फळ्यावर लावलं. आणि नकार द्यायचा असेल तर पत्राआधी घरी जाऊन सांगायचं, असा ठराव केला. तुम्ही पहिल्याला विरोध केलात आणि दुसऱ्याला हसलात. अर्ज आले, तुम्ही म्हणाला होतात तसे. बहुतेक नाकारावे लागले. त्या घरांची दारं मी वाजवायची. लोक मला ‘न्हाईवाली बाई’ म्हणायला लागले. बेल्टवरच्या ज्या बायकांनी मला निवडून दिलं होतं, त्या माझ्याशी डबा वाटून खाईनाशा झाल्या.

घाटघरला तुम्ही माझ्यासोबत आला होतात. एक तरुण हमाल ट्रकच्या फाळक्याखाली सापडून गेला होता. ठेकेदाराकडचा होता, निधीत त्याचं नावच नव्हतं. ठेकेदारानं काही हजार हातावर ठेवून अंग काढून घेतलं होतं. आईनं एकवीसखाली अर्ज पाठवला होता, कुणाकडून तरी लिहून घेतलेला. सभासदच नाही म्हटल्यावर एकवीसही लागत नव्हतं. तुम्ही खाली रस्त्यावर जीपमध्ये थांबलात आणि मी एकटी चढून वर गेले.

त्या माउलीनं मला घोंगडी टाकून दिली, बसवलं. मी कंपनीतून आलेय म्हटल्यावर शेजारच्या दोघी आल्या. तिला वाटलं मी काहीतरी घेऊन आलेय. मी सगळं सांगितलं, नीट, तिला कळेल असं. नाव का नव्हतं, ठेकेदाराविरुद्ध तिला कुठं जाता येईल, आम्हाला का देता येत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"मंग तुमी आलाव कशाला?"

तिनं परत विचारलं, तेवढ्याच शांतपणे. "देयाचं न्हाई तर न्हाई. पर चढून कशाला आलाव? माझं त्वांड बघाय?"

मी उतरून जीपमध्ये बसले. तुम्ही गाडी चालू करायला सांगितलीत. आपटाळे गाव मागं पडल्यावर म्हणालात,

"म्हनून मी पत्र धाडायचो."

त्या वेळी मला तुमची मान मुरगाळावीशी वाटली. आता असं वाटतं की तुम्ही मला तेव्हा काहीतरी दाखवत होता. माझ्यासाठी तुम्ही बॉयलरवरून बाहेर आला नाहीत ते दगड होतात म्हणून नाही, तुम्हाला बाहेर येववलं नाही म्हणून. हे तुम्ही सरळ सांगितलं असतं तर आपली पुढची वर्षं वेगळी गेली असती. तुम्ही नाही सांगितलंत. मी नाही विचारलं.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा अध्यक्षपदासाठी माझं नाव तुम्हीच सुचवलंत. फोर्कलिफ्टवरचा कैलास तुमच्या जागी निवडून आला. निरोपाला तुम्ही ती पट्टी माझ्या हातात दिलीत आणि डिंगोऱ्याची एसटी पकडायला निघून गेलात. पुढच्या दोन महिन्यांतच तुम्हाला घास गिळेनासा झाला. अन्ननलिकेचा कॅन्सर. पुण्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं.

निधीतून आजारपणाची मदत फक्त कामावर असलेल्यांना. रिटायर झालेल्यांना नाही. हा नियम तुमच्याच काळातला. तरी एके दिवशी तुमच्या घरून वहिनी ऑफिसात आल्या आणि त्यांनी पिशवीतून कागद काढला. अक्षर तुमचं होतं. ‘कलम एकवीस अन्वये विशेष बाब म्हणून विचार व्हावा ही नम्र विनंती.’ शेवटी ‘कळावे’ नव्हतं.

मी तो कागद किती वेळ बघत बसले हे वहिनींनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "लई दिस लिवत व्हते. चार कागूद फाडलं."

बैठक सोमवारी झाली. आम्ही चौघं होतो. मी, कैलास, कुलथेसाहेब आणि कंपनीच्या कर्मचारी विभागाच्या मॅडम. तीन मतं लागणार होती. कैलास देणार होता, त्यानं आल्याआल्याच सांगितलं. मॅडमही तयार होत्या. कुलथेसाहेबांनी नकार दिला. म्हणाले, "उद्या प्रत्येक रिटायर माणूस येईल, त्याला काय सांगणार? खुद्द सावळेरामांनी काय सांगितलं असतं?" त्यांच्या तोंडावर कोल्ड स्टोरेज लिहिलेलं होतं, पण ते बोलले ते शब्द तुमचेच होते. म्हणजे सगळं माझ्या मतावर आलं.

मी उभी राहिले. म्हणाले, "हे माझे शिक्षक आहेत आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग आहे. दोन्ही कारणांनी मला आत बसता येणार नाही. नोंद करून घ्या."

मॅडम म्हणाल्या, "सुमनताई, तुम्ही गेलात तर तीन होणारच नाहीत."

"माहीत आहे."

कैलास माझ्या खुर्चीच्या मागं येऊन उभा राहिला. "ताई, बसा की. भाऊ हाय त्यो आपला."

मी बाहेर गेले. अर्ज दोन विरुद्ध एक असा पडला. इतिवृत्तावर अध्यक्ष म्हणून मीच सही केली.

आणि ठरावाप्रमाणे मीच तुम्हाला सांगायला आले. तुम्ही पडवीत खाटेवर होता, उन्हाकडे तोंड करून. गालफडं आत गेली होती. वहिनींनी पाणी आणलं, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, घाटघरला सांगितलं होतं तसं, नीट.

वहिनी उभ्याच होत्या. "दोन पडली म्हन्तीस. तिसरं मत कुनाचं व्हतं?"

"माझं."

"मंग ते घरी इसरून आल्तीस व्हय?"

त्यांनी माझ्यासमोरचा तांब्या उचलला आणि आत निघून गेल्या. मी पाणी प्याले नव्हते.

तुम्ही हळूच विचारलंत, "भाईर का गेलीस?" आवाज एवढासाच उरला होता.

"तुम्हीच शिकवलंत. जीव गुंतलाय त्यानं आत बसायचं नाही."

"माज्यात तुजा जीव गुतलाय?"

"राग गुंतलाय."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "बराबर केलंस." आणि, डोळे न उघडता, "फिटला का?"

मी उठले. "येते, भाऊ," म्हणाले आणि अंगणातून बाहेर पडले. तुम्ही उत्तराची वाट बघत होता हे मला पाठीमागून कळत होतं.

ऑपरेशन झालं, पण सहा आठवडे उशिरा, सरकारी दवाखान्यात नंबर लागल्यावर. तोपर्यंत ते पसरलं होतं. मी नंतर डॉक्टरांना भेटून विचारलं, आधी झालं असतं तर वाचले असते का. ते म्हणाले, सांगता येत नाही. एवढंच म्हणाले. हो म्हणाले असते तर मी काहीतरी केलं असतं. नाही म्हणाले असते तर झोपले असते.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी बैठक झाली. आधी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. मग कैलासनं ठराव मांडला की रिटायर झाल्यापासून एक वर्षापर्यंत आजारपणाची मदत मिळावी. चारही मतं पडली. कुलथेसाहेबांनी सगळ्यांआधी हात वर केला. मी फक्त एक दुरुस्ती सुचवली, हा नियम आजपासून पुढं लागू, मागच्या प्रकरणांना नाही. तुमच्या शेजारी बसून शिकलेली बाई दुसरं काय सुचवणार? लिहून झाल्यावर कैलास माझ्याकडे असा बघत राहिला, जसं कँटीनच्या शेडमधल्या त्या सभेत लोकांनी तुमच्याकडे बघितलं होतं.

लोक म्हणतात सुमनताईंनी गुरूसाठीसुद्धा नियम मोडला नाही. दहाव्याला एकजण माइकवरून म्हणालाही. टाळ्या वाजवायची ती जागा नव्हती म्हणून वाजल्या नाहीत. तुमच्या मोठ्या मुलानं तेव्हा जमिनीवर थुंकलेलं मी पाहिलं. दोघांनाही वाटतं की त्यांना माझं कळलंय.

तुम्ही पडवीत ‘फिटला का’ विचारलंत, त्याचं उत्तर मी कुणाला दिलेलं नाही. तुम्हाला देते. खोटं बोलले तर तुम्ही ‘कुटं लिव्हलंय’ विचाराल, म्हणून लिहूनच देते.

त्या सोमवारी मी बैठकीतून निघून कँटीनमध्ये गेले. तिथून खोलीचं दार दिसत होतं आणि ते उघडंच होतं. मला परत जाता आलं असतं. नोंद बदलता आली असती. कैलास एकदा दारात येऊन माझ्याकडे बघून गेला, मग परत एकदा आला. तुमचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता, चार कागद फाडून पाचवा लिहिणारा. माझ्या अंगातून, दत्ता गेल्यापासून कधी नव्हतं असं, काहीतरी सैल होत गेलं. पाय मोकळे झाले, मान हलकी झाली. आल्याचा चहा होता, चांगला उकळलेला. तो संपेपर्यंत मी दाराकडे बघत बसले, आणि मग दुसरा कप मागितला.